बाकी की पक्की

कचेरीत एके काळी दोन स्टेनोग्राफर होत्या. एकीला सगळे थोरल्या बाई म्हणायचे, दुसरीला धाकट्या बाई. धाकट्या बाई आता सदुसष्ट वर्षांच्या आहेत, निवृत्त होऊनही नऊ वर्षं झाली, तरी रस्त्यात जुनं कोणी भेटलं की हाक तीच येते. त्यांची एक सवय मात्र निवृत्त झाली नाही. फोन वाजला की त्यांचा उजवा हात वहीकडे जातो. समोरचा माणूस बोलत असतो आणि इकडे कागदावर बारीक आकडे-वळणं उमटत असतात. दूधवाला असो, नणंद असो, नाहीतर चुकून लागलेला नंबर असो, सगळं शॉर्टहँडमध्ये टिपलेलं. त्यांचे यजमान कुलूपवाले. चाळीस वर्षं त्यांनी चाव्या करून देण्याचं दुकान चालवलं. ते लोकांना सांगायचे, आमच्या घरात एकदा बोललेलं मागे घेता येत नाही, लगेच पुरावा निघतो.

हसत हसत म्हटलेली ही गोष्ट पुढे त्यांच्याच अंगाशी आली.

झालं ते असं. कुलूपवाल्यांनी फार पूर्वी चाव्या कापायच्या मशीनसाठी बँकेकडून कर्ज घेतलं होतं. बँकेनं त्या कर्जाला एक विमा चिकटवला. नोकरी गेली तर हप्ते विमा भरेल, असा. आता कुलूपवाले स्वतःच्या दुकानाचे मालक, त्यांची नोकरी जाणार कुठून? पण सही करताना हे कोणी सांगितलं नाही, आणि सात वर्षं ते पैसे भरत राहिले. अशा फसलेल्या लोकांना बँकेकडून भरपाई मिळवून देणाऱ्या कंपन्या मग निघाल्या. त्यातल्याच एकीचा माणूस एका सकाळी दारात उभा राहिला.

तो तासभर बसला. विम्याबद्दल दहा मिनिटं बोलला असेल, बाकीचा वेळ त्यानं कुलूपवाल्यांचं ऐकलं. दुकान कसं उभं केलं, बँकेच्या मॅनेजरनं एकदा सगळ्यांसमोर कसं ताटकळत उभं ठेवलं, हात थरथरायला लागल्यावर दुकान कसं बंद करावं लागलं, सगळं. धाकट्या बाई त्या वेळी दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. परत आल्या तोवर फॉर्मवर सही झाली होती, आणि कर्जाचे मूळ कागद त्या माणसाच्या बॅगेतून निघूनही गेले होते.

फॉर्मची प्रत त्यांनी चष्मा लावून वाचली. मिळेल त्या रकमेचे पस्तीस टक्के कंपनीचे. त्यावर कर. त्यावर फाइलचा खर्च. बँकेला एक पत्र घरबसल्या पाठवलं तरी हेच काम होतं, फुकटात. शेवटी बारीक अक्षरात होतं की चौदा दिवसांच्या आत फोननं किंवा लेखी कळवलं तर काम रद्द करता येईल, फी लागणार नाही.

नवव्या दिवशी त्यांनी फोन केला. कुलूपवाले तेव्हा बाहेर व्हरांड्यात पेपर वाचत होते. फोन बाईंनीच केला, कुलूपवाल्यांच्या वतीनं बोलल्याही त्याच. पलीकडे एक मुलगी होती, आवाजानं गोड. अकरा मिनिटं बोलणं झालं. पेन्सिल हाताशी नव्हती म्हणून बाईंनी फोनजवळचं बॉलपेन उचललं आणि सवयीनं शब्द न् शब्द टिपला. फोन ठेवला, वही मिटली, आणि नवऱ्याला सांगितलं, तुमचं ते प्रकरण मी बंद करून टाकलंय.

त्यांनी पेपरचं पान उलटलं.

पाच महिन्यांनी बँकेनं आपणहूनच जुन्या पॉलिस्या तपासल्या आणि कुलूपवाल्यांच्या खात्यात पैसे जमा केले. रक्कम बरी होती. बाईंनी छताच्या गळतीची दुरुस्ती मनात धरली. आणि नऊ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं: आमच्या प्रयत्नांमुळे आपणांस भरपाई मिळाली आहे, तरी आमची फी चौदा दिवसांत भरावी.

बाईंना आधी हसूच आलं. त्यांनी उत्तर लिहिलं की काम नवव्या दिवशीच रद्द झालेलं आहे. कंपनीनं कळवलं, आमच्या नोंदीत रद्द केल्याचं काही नाही. तुमच्या नंबरवरून एक फोन आला होता खरा, पण त्यात तुम्ही फक्त फीची चौकशी केली. फी किती होईल ते रक्कम ठरल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही, असं आमच्या कर्मचाऱ्यानं तुम्हाला सांगितलं. त्या फोनचं रेकॉर्डिंग तीन महिन्यांनंतर ठेवलं जात नाही.

मग दुसरं पत्र आलं, व्याज लावून. तिसऱ्यावर लाल शिक्का होता. त्यानंतर फोन सुरू झाले. दुपारी जेवायच्या वेळी, संध्याकाळी दिवे लावताना. वेगवेगळे आवाज, पण वाक्यं तीच: प्रकरण वसुलीकडे जाईल, घरी माणूस येईल, शेजाऱ्यांना कळलं तर बरं दिसेल का. बाई सगळं टिपत गेल्या. कुलूपवाले मात्र फोन वाजला की उठून बाथरूममध्ये जायचे आणि नळ सोडून ठेवायचे. त्यांचं जेवण कमी झालं. एकदा जिन्यात अनोळखी पावलं वाजली तर ते दाराला कडी लावून मागे उभे राहिले. वर राहणाऱ्या भाडेकरूकडे कोणी आलं होतं, एवढंच.

जावयानं फोन करून सांगितलं, आई, द्या टाकून त्यांच्या तोंडावर, बाबांच्या तब्येतीपेक्षा पैसे मोठे आहेत का? कुलूपवालेही म्हणाले, "देऊन टाक गं. मला हे सहन होत नाही."

"न केलेल्या कामाचे?" बाई म्हणाल्या.

कुलूपवाल्यांनी मान फिरवली. त्यांचा चेहरा असा काही झाला होता की बाईंना वाटलं, माणूस घाबरलाय. खरं कारण वेगळं होतं, ते पुढे कळलं.

अशा कंपन्यांबद्दलच्या तक्रारी ऐकायला एक सरकारी कार्यालय होतं. बाईंनी तिथे अर्ज केला. दुसऱ्या मजल्यावरची अरुंद खोली, लांब टेबल, भिंतीला लोखंडी कपाटं, आणि टेबलाच्या टोकाला पन्नाशीच्या तक्रार अधिकारी. त्या कमी बोलत आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत पेन हलवत नसत. कंपनीकडून एक माणूस आला होता, इस्त्रीच्या शर्टातला, सभ्य. हाच तो, की दारात आलेला दुसरा होता, हे बाईंना सांगता येत नव्हतं, त्या माणसाला त्यांनी पाहिलंच नव्हतं.

पहिल्या सुनावणीला बाईंनी वही उघडली आणि नवव्या दिवसाचं बोलणं वाचून दाखवलं. कंपनीच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं. मग वही आपल्याकडे वळवून घेतली, दोन पानं चाळली आणि अधिकाऱ्यांना म्हणाला, "मॅडम, मला इथे फक्त रेघोट्या दिसतात. बाईंना त्यात जे वाचायचं ते त्या वाचतील."

अधिकारी बाईंकडे वळल्या. "हे वाचू शकणारं दुसरं कोणी आहे?"

बाईंनी वही परत आपल्याकडे ओढून घेतली. शॉर्टहँड शिकवणारे गुरुजी कधीच गेले. त्यांच्या क्लासच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं. बरोबरच्या मुली कुठे कुठे विखुरल्या, बहुतेकींनी लग्नानंतर पेन्सिलच खाली ठेवली. या गावात त्यांच्याखेरीज ती लिपी वाचणारं एकच माणूस उरलं होतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "आणीन."

दोन आठवड्यांची मुदत मिळाली. त्यातले नऊ दिवस बाईंनी घरातच काढले.

अठरा वर्षांपूर्वी पगारवाढीच्या एका बैठकीचं टिपण धाकट्या बाईंनी घेतलं होतं. थोरल्या बाईंनी ते वाचलं आणि साहेबांच्या टेबलापाशी जाऊन, चार जणांदेखत सांगितलं की यात एक वाक्य सुटलंय, यांच्या टिपणावर विसंबू नका. मुख्य स्टेनोची जागा त्याच महिन्यात भरायची होती. ती थोरल्या बाईंना मिळाली. पुढची सात वर्षं दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या आणि एकमेकींशी कामापुरतंसुद्धा बोलल्या नाहीत. काही सांगायचं असलं तर चिठ्ठी लिहायच्या, तीही शॉर्टहँडमध्ये. म्हणजे शिपायाला कळायला नको. थोरल्या बाई निवृत्त झाल्या त्या दिवशीच्या निरोपाच्या चहाला धाकट्या बाई रजेवर होत्या.

आणि आता आपल्या टिपणावर विसंबा, हे सांगायला त्याच बाईंना बोलवायचं.

दहाव्या दिवशी त्या गेल्या. थोरल्या बाई भाच्याच्या घरी, मागच्या खोलीत राहत होत्या. गुडघे गेलेले, केस पांढरे शुभ्र, चष्म्याची काच जाड. दार उघडल्यावर त्यांनी पाच-सहा सेकंद नुसतं पाहिलं, आणि बाजूला सरकून वाट दिली. चहा विचारला नाही. धाकट्या बाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं. बोलताना आपला आवाज कापतोय हे त्यांना ऐकू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. शेवटी त्यांनी वही पुढे केली.

थोरल्या बाईंनी ती हातात घेतली नाही.

"आत्ता बघणार नाही. तिथेच, त्यांच्यासमोर पहिल्यांदा उघडीन," त्या म्हणाल्या. "आणि जे लिहिलंय तेच वाचीन. तुम्ही मला आत्ता काय सांगितलंत, ते मी ऐकलेलं नाही."

"मला तेवढंच हवंय."

"तेवढंच हवं असतं तर नऊ दिवस लागले नसते."

हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे. धाकट्या बाईंनी विचारलं नाही. रिक्षा किती वाजता आणू, एवढं ठरवून त्या जिना उतरल्या.

दुसऱ्या सुनावणीला कुलूपवालेही आले. बाईंनी त्यांना घरी राहा म्हणून सांगितलं होतं, पण तक्रार त्यांच्या नावावर होती आणि अधिकाऱ्यांनी या वेळी त्यांना हजर राहायला कळवलं होतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात थरथरलेले कोणाला दिसू नयेत म्हणून ते असेच बसायचे.

थोरल्या बाईंनी वही डोळ्यांजवळ नेली. आधी पान तिरकं करून उजेडात धरलं, मग वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज पूर्वी होता तसाच होता, सपाट, स्वतःचं काही न मिसळणारा. तारीख. वेळ. पलीकडच्या मुलीचं बोलणं, अलीकडचं बोलणं. "काम रद्द करायचं आहे." "कारण सांगाल का?" "कारण सांगायची गरज फॉर्मवर लिहिलेली नाही." इथे अधिकाऱ्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. पाच मिनिटं सगळं अगदी नीट चाललं होतं. शब्दाला शब्द जुळत होता, धाकट्या बाईंनी पंधरा दिवसांपूर्वी वाचला होता तसाच, आणि त्यांचा श्वास पहिल्यांदाच मोकळा होऊ लागला.

मग थोरल्या बाई थांबल्या.

त्यांनी पान पुन्हा तिरकं केलं. चष्मा वर सरकवून उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

"इथे मुलगी म्हणते, आमची फी..." त्या म्हणाल्या आणि वही टेबलावर ठेवली. "या शब्दाचे दोन शब्द होतात. आमच्या लिपीत प आणि ब यांची रेघ एकच. प बारीक काढायचा, ब जाड. घाईत स्वर लिहीत नाहीत. हे पेन्सिलीनं लिहिलं असतं तर कळलं असतं. बॉलपेननं सगळ्या रेघा सारख्याच येतात. त्यामुळे हे 'आमची फी बाकी नाही' असंही वाचता येईल, आणि 'आमची फी पक्की नाही' असंही."

कंपनीचा माणूस पुढे झुकला. त्याच्या पत्रात नेमकं हेच होतं: फी पक्की सांगता येत नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मला वाटण्याचा प्रश्न नाही. दोन्ही होतं."

पुन्हा तेच. पुन्हा चार जणांदेखत. धाकट्या बाई खुर्चीतून अर्धवट उठल्याही, पण बोलणार काय? रेघ त्यांची होती, पेन त्यांनी उचललं होतं. आणि जे सांगितलं जात होतं ते खरं होतं. त्या परत खाली बसल्या.

"मॅडम, म्हणजे स्पष्टच झालं," कंपनीचा माणूस म्हणाला.

"माझं वाचून संपलेलं नाही," थोरल्या बाई म्हणाल्या आणि वही पुन्हा उचलली. "पुढचं वाक्य. 'तुमचे मूळ कागद आठवड्याभरात टपालानं परत येतील, सही करून घ्यावेत.' यात मला शंका नाही." त्यांनी धाकट्या बाईंकडे मान वळवली. सकाळपासून पहिल्यांदाच. "आले का कागद?"

"नाही," धाकट्या बाई म्हणाल्या. कागद परत यायचे होते, हे पत्रांच्या आणि फोनच्या धामधुमीत त्यांनी मनावरच घेतलं नव्हतं. "आम्हाला काही..."

"आले," कुलूपवाले म्हणाले.

ते इतक्या हळू बोलले की अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. मग ते उभे राहिले. दोन्ही हात आता सगळ्यांना दिसत होते.

त्यांनी सांगितलं ते असं. फोननंतर सहाव्या दिवशी पाकीट आलं. बाई बाजारात गेल्या होत्या. त्यांनी सही करून घेतलं आणि दुकानाच्या जुन्या हत्यारांच्या पेटीत, कानशींच्या खाली ठेवलं. राग आला होता. त्या माणसानं तासभर त्यांचं ऐकलं होतं, बँकेशी तुमच्या बाजूनं भांडू म्हणाला होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी असं म्हटलं होतं, आणि बायकोनं न विचारता ते बंद करून टाकलं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कंपनीला फोन केला. ती काही म्हणाली असली तरी माझं काम चालू करा, म्हणाले. पलीकडून हो म्हणाले, नवा फॉर्म पाठवतो म्हणाले. फॉर्म आलाच नाही. पुढे पैसे आले, मग ती पत्रं, मग ते फोन. हे सगळं आपल्यामुळे झालं, हे घरात सांगायची हिंमत झाली नाही.

बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांना आठवलं, नळाचा आवाज.

कंपनीच्या माणसाला राहवलं नाही. "ऐकलंत ना मॅडम? यांनी स्वतःच काम पुन्हा चालू करायला सांगितलं होतं."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा?"

त्यानं फाइल जवळ ओढली.

"पुन्हा चालू करायचं म्हणजे आधी बंद झालेलं असणार. तुमच्या तिन्ही पत्रांत तर ते कधी रद्दच झालं नव्हतं." त्यांनी कंपनीचाच फॉर्म पुढे ओढला आणि अकरावं कलम बोटानं दाखवलं. रद्द झालेलं काम पुन्हा सुरू करायचं तर नव्या फॉर्मवर ग्राहकाची सही लागेल. "ती सही दाखवा."

त्यानं फाइल चाळली. बराच वेळ चाळली. बँकेला पाठवलेलं एक पानभर पत्र होतं, बाकी काही नव्हतं.

त्या दिवशी निकाल लागला नाही. काम चालू असतं तर मूळ कागद परत आले नसते, म्हणून हत्यारांच्या पेटीतलं पाकीट, त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यासकट, दुसऱ्या दिवशी जमा करायला सांगितलं गेलं, आणि सगळे उठले.

रिक्षात तिघं दाटीवाटीनं बसली. थोरल्या बाईंचं घर आल्यावर धाकट्या बाईंनी त्यांना हाताला धरून उतरवलं. फाटकापाशी त्या म्हणाल्या, "तेव्हाचं ते वाक्य. सुटलंच होतं माझ्याकडून."

"सुटलंच होतं," थोरल्या बाई म्हणाल्या. फाटकाची कडी काढत म्हणाल्या, "पण साहेबांना एकट्यात सांगता आलं असतं." आणि फाटक लावून आत गेल्या.

घरी पोचल्यावर कुलूपवाल्यांनी पेटी उघडून पाकीट काढून दिलं. बाईंनी ते घेतलं, शिक्क्यावरची तारीख पाहिली. त्यांना खूप बोलायचं होतं. पाच महिने आणि वर हे सगळे आठवडे लपवलंत, मी एकटी भांडत होते, मला तिथे खोटं पाडलंत. त्यांनी तोंड उघडलं, पण आधी तेच बोलले.

"तू मला विचारलं नव्हतंस."

प्रकरण त्यांच्या नावावर होतं, कर्ज त्यांचं, अपमान त्यांचा, आणि ते पाच पावलांवर व्हरांड्यात बसलेले असताना बाईंनी त्यांच्या वतीनं बोलून फोन ठेवला होता. त्या पाकीट हातात धरून तशाच पलंगाच्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, "नाही विचारलं."

तीन आठवड्यांनी निकाल टपालानं आला. करार नवव्या दिवशी रद्द झाला होता, त्यामुळे पस्तीस टक्के, व्याज आणि फाइलचा खर्च यांतलं काहीही कंपनीला मागता येणार नाही. फोन करून धमकावल्याबद्दल कंपनीला ताकीद. मात्र ग्राहकानं तोंडी सांगितल्यावरून कंपनीनं बँकेला एक पत्र लिहिलं, तेवढ्या एका पत्राचा माफक खर्च ग्राहकानं तक्रार कार्यालयाच्या खिडकीवर भरावा. रक्कम एवढीशी होती की तेवढ्यात चपलेचा चांगला जोडही आला नसता. तरी बाईंना ती फार झोंबली. दोन दिवस त्या धुसफुसत होत्या, याच्यावर पुन्हा अर्ज करते म्हणत होत्या.

तिसऱ्या दिवशी कुलूपवाल्यांनी कपडे केले. पत्र मी सांगितलं होतं, पैसे मीच भरणार, म्हणाले. बाई चप्पल घालायला लागल्या, तर त्यांनी नको म्हणून हात केला. मग दारातच थांबून म्हणाले, "येतेस? पण खिडकीवर मी बोलेन."

त्या गेल्या. रांगेत पुढे सात माणसं होती. त्यांची पाळी आल्यावर आतल्या कारकुनानं पावती कोणाच्या नावानं करायची, असं बाईंकडे बघून विचारलं. बाई भिंतीवरच्या सूचना वाचत राहिल्या.

"माझ्या," कुलूपवाले म्हणाले, आणि एकेक अक्षर सुटं करून त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं.